ब्रेकमधला पत्रा

आमच्या गोठ्यात, कुटाराच्या ढिगामागं, बाबांची राजदूत बावीस वर्षं उभी होती. सीटवर कोंबड्या बसत. टाकीवर चुन्याच्या डबक्याचे शिंतोडे. हँडलला बैलांची जुनी वेसण आणि दोर अडकवलेले. कोणी विकत मागायला आलं की बाबा म्हणायचे, "राहू दे. खाते का काही?" आणि विषय तिथंच संपायचा. डिसेंबर 1994 नंतर ते त्या गाडीवर बसले नाहीत. आर्वीला जायचं तर एसटीनं, वावरात जायचं तर पायी. गावात लोक म्हणत, बुढ्यानं भीती घेतली. आम्हीही तेच समजत होतो.

राजदूत ही आमच्याकडं नुसती गाडी नव्हती. एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर ती साठच्या दशकात आणली. जाहिरातीत धर्मेंद्र होता, पण खेड्यात ती खपली ती दुधाच्या कॅना, युरियाचं पोतं आणि तीन माणसं एकदम वाहते म्हणून. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, किक मारायची, आणि धुराचा लोट सोडत गाडी निघायची. 2005 च्या सुमारास ती बनायची बंद झाली. आता शहरातली मुलं तिला रंग लावून फोटो काढतात. आमचा पुतण्याही त्यातलाच. 2017 च्या जानेवारीत तो नागपूरहून कॉलेजच्या सुट्टीत आला आणि गोठ्यात शिरला. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आबाजी, मी राजदूत चालू करतो." बाबांनी ताटातून मान वर केली नाही. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

आर्वीच्या एका मिस्त्रीकडं गाडी छोट्या ट्रकात टाकून नेली. इंजिन तसं चारच दिवसांत बोललं. पिस्टन अडकला होता, कार्बोरेटरमध्ये मुंग्यांचं घर होतं, पॉइंट घासून नवा कंडेन्सर टाकला. गाडी फुरफुरली तसा पुतण्यानं व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्याच्या दृष्टीनं काम संपलं होतं. मी म्हटलं, आधी ब्रेक. मिस्त्री हसला.

"सर, चालू करून द्या म्हनाले रोज पोट्टे येते. थांबते कशी, हे पुसाले कोनी येत नाई."

हे ब्रेकचं प्रकरण ज्यांनी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यातच आहे. जुन्या गाड्यांच्या चाकाच्या मधोमध एक लोखंडी डबा असतो, तो ड्रम. चाकाबरोबर तो फिरतो. आत दोन अर्धगोल शू, त्यांच्यावर लायनर चिकटवलेलं किंवा रिबिटानं ठोकलेलं. तुम्ही पायानं पॅडल दाबलं की रॉड ओढला जातो, रॉड एक छोटी दांडी ओढतो, दांडी आतला कॅम फिरवते आणि कॅम दोन्ही शूंना ड्रमवर रेटतो. बस, एवढंच. आता लायनर घासून पातळ झालं की कॅमला जास्त फिरावं लागतं, पॅडल खोल जातं. मग रॉडच्या टोकाला जो नट असतो तो आवळायचा. पॅडल पुन्हा वर येतं. पायाला वाटतं, ब्रेक नवा झाला. लायनर मात्र होतं तेवढंच पातळ असतं.

तो नट आवळायचं काम माझं होतं. मी नववीत. शनिवारी शाळा सुटली की बाबा पान्हा द्यायचे आणि म्हणायचे, "दोन आटे दे." मी द्यायचो. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत रॉडचे आटे संपत आले होते. नट जवळजवळ शेवटाला टेकला होता. मी बाबांना म्हटलंही, "बाबा, आता नट पुढं नाई जात." ते म्हणाले, "पाय टेकवून थांबवतो मी. कापूस निघू दे, मंग पाहू." त्या साली फवारण्यांनीच घर धुऊन नेलं होतं. बोंडअळी काही केल्या हटत नव्हती आणि कृषी केंद्राची उधारी वाढत चालली होती. शूची जोडी काही फार महाग नव्हती. पण ज्या घरात औषधाच्या डब्याची उधारी चालू असते, तिथं जे अजून चालतंय त्यावर पैसा खर्च करायचं कोणाच्या मनात येत नाही. हे मी बाबांची बाजू घेण्यासाठी म्हणत नाही. त्या आठवड्यात आमच्या घरी असंच होतं.

आमच्या गावात शाळेपासून नाल्यापर्यंत उतार आहे. फार मोठा नाही. तळेगावच्या सत्याग्रही घाटात ट्रकवाले खालच्या गिअरवर उतरतात तसा तर नाहीच. पण राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीला इंजिनचा आवर कमी. ॲक्सिलरेटर सोडला तरी ती मोकळीच घरंगळते, सगळा भार ब्रेकवर. बाबा दोन कापसाची गाठोडी मागं बांधून उतारावरून येत होते. दिवस मावळला होता. पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेऊन एक आजी रस्ता ओलांडत होती. आमच्याच आळीतली, माझ्या वर्गातल्या मित्राची आजी. बाबांनी हॉर्न दिला, पॅडल दाबलं, पाय टेकवले. चप्पल तुटून मागं राहिली. गाडी थांबली नाही.

आजी वाचली. खुबा मोडला. सेवाग्रामच्या दवाखान्यात दीड महिना होती. घरी आली ती काठी घेऊन, आणि मग काठीनंही उठवेना. 2001 साली गेली. सहा वर्षं ओसरीतल्या खाटेवर पडून होती. पोलिसात कोणी गेलं नाही. गावातल्या चार माणसांनी बसून मिटवलं. दवाखान्याचा खर्च बाबांनी दिला, त्यासाठी एक बैल विकला. पुढं दर वर्षी ज्वारीचं एक पोतं आणि तुरीची दाळ तिच्या घरी पोचत राहिली. गाव म्हणायचं, असा माणूस मिळत नाही. आणि गाव असंही म्हणायचं, बुढीले ऐकूच येत नव्हतं, ती आडवी आली, कोण काय करणार.

आता पुन्हा मिस्त्रीच्या दुकानात. मागचं चाक काढलं. ड्रमची प्लेट निघेना, बावीस वर्षांचा गंज. मिस्त्रीनं लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकून ती सोडवली. आतून काळी पूड पडली, तो तोंडानं फुंकणार तोच मी ओरडलो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती पूड छातीत जाऊ नये. ओलं फडकं घेऊन पुसलं. मग दिसलं ते असं. लायनर एका बाजूला कागदाइतकं. रिबिटांची डोकी उघडी पडून त्यांनी ड्रमवर गोल चर पाडले होते. आणि कॅम आणि शू यांच्या मध्ये नखाएवढा एक पत्रा, दुमडलेला, तेलाच्या डब्याचा. त्याचा पिवळा रंग एका कोपऱ्यात अजून शाबूत होता.

पुतण्यानं विचारलं, हे काय?

मिस्त्री म्हणाला, "जुगाड हाये. लायनर संपलं का कॅमच्या तोंडावर पत्रा देते. पॅडल टनाटन होते. पन ब्रेक नाई होत, पॅडल होते." मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "कोनं टाकला, सर? गाडी तं तुमच्याच घरची."

मी काही बोललो नाही. पत्रा उचलून काडेपेटीत ठेवला.

कारण तोपर्यंत माझ्या मनात या अपघाताचा एक हिशोब पक्का बसला होता. नट संपला होता, बाबांनी चालढकल केली, मीही पान्हा फिरवत राहिलो. चूक होती, पण सगळ्यांची होते तशी. पत्र्यानं तो हिशोब मोडला. नट आवळणं ही चालढकल म्हणता येते. पण पत्रा टाकायला चाक खोलावं लागतं. ज्यानं पत्रा टाकला त्यानं लायनर डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तरीही मी बाबांच्या बाजूनं बराच विचार केला, आणि तो इथं लिहितो, कारण तो खोटा नाही. त्या साली आमच्या गावात फटफट्या, लुना मिळून पंधरा-वीस तरी असतील. त्यातल्या निम्म्यांचे ब्रेक बाबांच्या गाडीसारखेच होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दोघांतिघांच्या गाड्यांचे नट तर मीच आवळले होते. ते सगळे त्याच उतारावरून, तेवढाच माल लादून, त्याच संध्याकाळी उतरले असतील. त्यांच्यासमोर कोणी आलं नाही. ते आजही पारावर बसतात, भजनाला टाळ वाजवतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही आणि ते स्वतःलाही काही म्हणत नाहीत. मग बाबा त्यांच्यापेक्षा वाईट कसे? फरक केला तो पऱ्हाटीच्या भाऱ्यानं. तो बाबांनी थोडाच आणून ठेवला होता.

कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या एका सहकाऱ्याजवळ मी हे बोललो, नाव-गाव न सांगता. तो म्हणाला, हा प्रश्न पुस्तकात आहे. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघांनी याच विषयावर निबंध लिहिले, 'नैतिक दैव' असं काहीसं त्याचं मराठी करता येईल. नेगलनं जे उदाहरण घेतलं ते ऐकून मी चाटच पडलो: एक ड्रायव्हर, त्यानं गाडीचे ब्रेक तपासून घेतलेले नाहीत, आणि पोर समोर आलं. पोर आलं नसतं तर त्याला आपल्या आळसाचं फारसं काही वाटलं नसतं. आलं, तर जन्मभर तो स्वतःला माफ करणार नाही. आळस तर दोन्हीकडं सारखाच. नेगल म्हणतो, जे हातात नाही त्याचा दोष देऊ नये असं आपण मानतो, आणि तरी देतो. या दोन्ही गोष्टी आपल्याला सोडवत नाहीत. विल्यम्सचा ड्रायव्हर तर निर्दोषच आहे, तरी त्याला बघ्यांपेक्षा वेगळं वाटतं, आणि वाटायलाच हवं, असं तो म्हणतो.

कायदाही परिणामाकडं बघूनच चालतो. त्या वेळच्या दंड संहितेत नुसती बेदरकार गाडी चालवली तर कलम 279, जास्तीत जास्त सहा महिने. त्याच निष्काळजीपणात माणूस दगावला तर 304अ, दोन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, तिच्यात मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. निष्काळजीपणा तेवढाच, पण समोर कोण होतं आणि ते वाचलं की नाही यावर शिक्षा ठरते. आमच्याकडं उलट शिकवण आहे. पवनारला विनोबांच्या आश्रमात गेलं की, किंवा घरोघरच्या गीताईत, कर्म आपलं, फळ आपलं नाही हे ऐकायला मिळतं. या हिशोबानं बाबांना त्या पंधरा-वीस जणांच्या रांगेतच उभं करायला हवं. सगळ्यांनी सारखीच चूक केली. मला काही दिवस हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं.

पण गाडीचं काम पुढं चालू होतं आणि रोज संध्याकाळी मी तिथं जाऊन बसत होतो. ड्रमचे चर काढायला तो वर्ध्याला खरादीवर पाठवला. जास्त कापला तर ड्रम पातळ होतो, म्हणून चर जेमतेम जाईल एवढाच कापायचा, खरादीवाल्याला मिस्त्रीनं फोनवर तीनदा सांगितलं. ड्रम आतून मोठा झाला म्हणजे बाजारातला नवा शू ढिला बसणार. म्हणून जुन्याच शूंवर जाड लायनर ठोकून तेही ड्रमच्या मापानं खरादीवर घासून आणलं. स्प्रिंगा नव्या. कॅमला ग्रीस तिळाएवढं, जास्त झालं तर लायनरवर उतरतं. शूच्या टोकाची धार कानशीनं मोडली, नाहीतर ब्रेक झटक्यानं पकडतो. मग लायनरवर खडू घासून चाक फिरवलं. खडू फक्त मधेच पुसला गेला. मिस्त्री म्हणाला, "मधातच लागून राहिलं, आखं लागलं पाहिजे." पुन्हा काढलं, उंचवटे घासले, पुन्हा खडू. असं पाच वेळा. पुतण्या कंटाळून नागपूरला निघून गेला. मला मात्र ते बघवत होतं. या कामात लपवायला जागा नव्हती. खडू जिथं राहील तिथं ब्रेक लागत नाही.

तिथं बसल्या बसल्याच माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या दिवसाचा विचार करतोय. मी सारखा त्या संध्याकाळचा विचार करत होतो. पण ती संध्याकाळ एका मिनिटाची होती, आणि त्यानंतर सहा वर्षं होती.

त्या सहा वर्षांत मी मित्राकडं अभ्यासाला जायचो. आजी ओसरीत खाटेवर असायची. मला पाहिलं की म्हणायची, "तुह्या बापाचा काही कसूर नाई रे पोरा. मीच मेली बहिरी. हारन ऐकू नाई आला." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची. तिची सून कधी कधी चिडून म्हणायची, ऐकू येत नव्हतं तर जायचं कशाले रस्त्यानं. म्हणजे खाटेवर पडलेली ती, आणि दोषही तिचाच. तिला ऐकू कमी येत होतं हे खरं. पण त्या दिवशी हॉर्न तिला ऐकू आला असता तरी डोक्यावर भारा घेऊन ती किती पळाली असती? आणि ब्रेक असता तर बहिरी असूनही ती घरी गेली असती. हे जगात एका माणसाला माहीत होतं. तो दर वर्षी ज्वारीचं पोतं पोचवत होता.

भारा आडवा आला, हे दैव. आजी सहा वर्षं स्वतःला बोल लावत राहिली, त्यात दैवाचा काय संबंध? तिथं कोणी अचानक आडवं आलं नव्हतं. तिथं तर दोन हजारांहून जास्त दिवस होते, आणि प्रत्येक दिवशी तिच्या ओसरीपर्यंत चालत जाता येत होतं. पारावर बसणाऱ्या त्या पंधरा-वीस जणांशी बाबांची बरोबरी ब्रेकपर्यंतच होते. त्यांना कोणाला काही सांगायचं नव्हतं, बाबांना होतं.

आणि मलाही होतं. नट संपलाय हे मला माहीत होतं. आजी तसं म्हणायची तेव्हा मी वहीत डोकं घालायचो.

फेब्रुवारीत गाडी घरी आणली. रात्री जेवणं झाल्यावर मी काडेपेटी बाबांसमोर उघडली. त्यांनी चष्मा लावला नाही. तसंच ओळखलं.

"मीच टाकला थो," ते म्हणाले. "शुक्रवारी. एक हप्ता निघाला असता तं सोमवारी कापसाचे पैसे येनार होते."

"आजीला सांगितलं होतं तुम्ही?"

"सांगून काय झालं असतं? खुबा जुडला असता तिचा?"

मी म्हटलं, "ती म्हणायची, माझीच चूक."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले वाटे, म्हनू दे. म्हनते तं म्हनू दे. बैल तं विकला न मी." आणि उठून झोपायला गेले.

मी माध्यमिक शाळेत शिकवत होतो तेव्हा गांधीजींच्या आत्मकथेतला तो प्रसंग दर वर्षी मुलांना सांगायचो. पंधराएक वर्षांच्या मोहननं भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला, मग चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली, वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यात, त्यामुळं हा प्रसंग आम्ही जरा जास्तच अभिमानानं सांगतो. पण त्या रात्री मला वाटलं, ती चिठ्ठी बापाला दिली होती. जो माफ करणार हे पोराला आतून माहीत असतं, त्याला. ज्याचं नुकसान झालं, जो माफ करायला बांधलेला नाही, ज्याच्याशी उद्या बांधावर उभं राहून बोलायचं आहे, त्याला चिठ्ठी कशी द्यायची, हे मी वर्गात कधी शिकवलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी बाबा धोतर नेसून, टोपी घालून अंगणात आले. "काढ गाडी," म्हणाले. ऐंशीचं वय. मला वाटलं वावरात जायचं असेल. मागं बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांनी. शाळेवरून उतार लागला तसा त्यांचा हात घट्ट झाला. नाल्याच्या अलीकडं, जिथं चिंच होती आणि आता नाही, तिथं म्हणाले, "थांबव." मी पॅडल दाबलं. गाडी उभी राहिली. त्यांनी खाली चाकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "चल, त्याईच्या घरी घे."

माझा वर्गमित्र अंगणात तुरीची काडी रचत होता. आमचं नाल्याजवळचं चार एकर तोच बटईनं करायचा, दहा वर्षं झाली होती. "या आबाजी," म्हणाला. बाजेवर गोधडी टाकली. बाबा बसले नाहीत. उभ्यानंच, खिशातून काडेपेटी काढून त्यांनी पत्रा त्याच्या हातावर ठेवला आणि सांगितलं. लायनर, पत्रा, शुक्रवार, सगळं. मधे दोनदा थांबले. शेवटी म्हणाले, "तुह्या आजीचा कसूर नव्हता." मी म्हटलं, "मलेही माहीत होतं, नट संपला होता." इतक्या वर्षांनी बोलताना माझी भाषाही जुनी झाली.

त्यानं पत्रा उलटासुलटा करून पाहिला. बायकोला चहा मांडायला सांगितलं. चहा आला, आम्ही प्यायलो. तो एवढंच म्हणाला, "माय माही तिले लय बोले. मरेपर्यंत बोलली." पत्रा त्यानं परत दिला नाही.

गुढीपाडव्याला तो आला. पायरीवरच उभा राहून म्हणाला, यंदा नाल्याजवळचं वावर मी करत नाही, दुसऱ्याला पाहा. भांडला नाही. हिशोबाचे राहिलेले पैसे मोजून दिले. पोळ्याला त्याचा बैल आमच्या दारात आला नाही. गावात कोणाला त्यानं काही सांगितलं असंही ऐकू आलं नाही. लोक अजून म्हणतात, बुढी बहिरी होती.

पुतण्या सुट्टीत येतो, राजदूत काढतो, तिला पुसतो. मी चाक फिरवून बघतो, नट अजून अर्धाही गेलेला नाही. बाबा ओसरीत बसून असतात. दिवस मावळला, गुरं आली, की विचारतात, "त्याईच्या घरचं कोनी आलं होतं का रे?"

मी म्हणतो, नाही.

"बरं," म्हणतात.